ताऱ्यांचे खरे तेज आणि आपल्या जुन्या संस्थानातील वेधशाळा



यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘आपल्या भागाचा इतिहास’ या विषयावर लेख द्यावेत असे अध्यक्षबाईंनी सुचविले, तेव्हा देवगिरी, पैठण, वेरूळ हे विषय बैठकीतच भराभर वाटले गेले. मी म्हटले, मी आकाशातील ताऱ्यांवर लिहीन. त्यावर एक ताई हसून म्हणाल्या, “अहो, आकाश काय आपल्या भागाचे आहे होय?” आहे, थोडेसे आहे; आणि ते कसे, हेच मला सांगावयाचे आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले, कारण आमच्या खेड्यातील शाळेचे वर्ग तेथेच संपत. पुढील मजकूर वाचनालयातील पुस्तके वाचून आणि जाणकारांची व्याख्याने ऐकून जमविला आहे. तो आपल्याच घरगुती भाषेत मांडते.

पहिल्याने एक साधी गोष्ट पाहू. वीज गेली म्हणजे आपण ओट्यावर मेणबत्ती लावतो. तिच्या उजेडात तांदूळ निवडता येतात. त्याच वेळी दूर महामार्गावर एखाद्या ट्रकचा दिवा ठिपक्यासारखा दिसत असतो. यावरून मेणबत्ती मोठी आणि ट्रकचा दिवा लहान, असे कोणी म्हणेल काय? दिवा दुप्पट लांब नेला की त्याचा उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. दहापट लांब नेला तर शंभरावा हिस्सा उरतो. आकाशातही हाच न्याय आहे. एखादा तारा ठळक दिसतो तो मुळातच तेजस्वी असल्यामुळे, की केवळ जवळ असल्यामुळे, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. माणसाने हजारो वर्षे तारे पाहिले, त्यांची नावे ठेवली, त्यांवर पंचांगे बसविली. परंतु त्यांचे खरे तेज मोजण्याची विद्या जेमतेम पावणेदोनशे-दोनशे वर्षांची आहे.

दिसणाऱ्या तेजाच्या पायऱ्या मात्र फार जुन्या. प्राचीन ग्रीक ज्योतिष्यांनी अगदी ठळक तारे पहिल्या प्रतीचे आणि जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे, अशा सहा प्रती केल्या. आपण गहू घेताना प्रत पाहतो, तशीच ही प्रत. फरक इतकाच की येथे आकडा जितका लहान, तितका तारा ठळक. फार ठळक ताऱ्यांची प्रत शून्याच्याही खाली, म्हणजे उणे जाते. ही वर्गवारी अंदाजाची होती. तिला हिशेबाचा पाया घातला नॉर्मन पॉगसन या इंग्रज ज्योतिष्याने, १८५६ साली. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याच्या बरोबर शंभरपट तेजस्वी धरावा, असे त्याने ठरविले. पाच पायऱ्यांत शंभरपट, म्हणजे दर पायरीला सुमारे अडीचपट. हे माप आजही जगभर चालते.

हा पॉगसन पुढे १८६१ साली मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख होऊन हिंदुस्थानात आला आणि १८९१ मध्ये मरेपर्यंत तेथेच राहिला. त्याच्यापेक्षा मला त्याच्या मुलीविषयी अधिक सांगावेसे वाटते. तिचे नाव आयसिस. १८७३ साली ती मद्रास वेधशाळेत गणकाच्या जागेवर लागली. पगार दीडशे रुपये. तेवढाच त्या काळी साहेबाच्या स्वयंपाक्याला किंवा गाडीवानाला मिळे, असे लिहिलेले आढळते. पंचवीस वर्षे तिने वेध घेतले, हिशेब केले, शिवाय मद्रास इलाख्याच्या हवामानाच्या नोंदीही सांभाळल्या. १८८६ साली लंडनच्या राजेशाही ज्योतिष संस्थेच्या सभासदत्वासाठी वडिलांनी तिचे नाव सुचविले. संस्थेच्या सनदेत सभासदाचा उल्लेख ‘तो’ असा आहे, ‘ती’ असा नाही, या कारणाने ते मागे घ्यावे लागले. एका सर्वनामावर बाईची इतक्या वर्षांची नोकरी तोलली गेली! पुढे स्त्रियांना त्या संस्थेचे दार उघडले आणि १९२० साली ती सभासद झाली. तोवर तिने वयाची पासष्टी ओलांडली होती.

आता खरे तेज काढावयाचे तर ताऱ्याचे अंतर कळले पाहिजे. अंगठा नाकासमोर धरून एकदा उजवा, एकदा डावा डोळा मिटा. अंगठा भिंतीवर सरकलेला दिसतो. हात लांब केला की सरकणे कमी होते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून जानेवारीत आणि जुलैत आपण आकाश जणू दोन वेगळ्या डोळ्यांनी पाहतो. जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांवर किंचित सरकतो. हे सरकणे इतके बारीक की ते मोजण्यात पिढ्या गेल्या. जर्मन ज्योतिषी बेसेल याला १८३८ साली हंस राशीतील एका अंधुक ताऱ्याबाबत ते साधले. मग हळूहळू इतर ताऱ्यांची अंतरे कळू लागली, आणि ज्योतिष्यांनी एक युक्ती काढली. सर्व तारे मनाने उचलून एकाच अंतरावर, म्हणजे सुमारे ३२.६ प्रकाशवर्षांवर मांडावेत, आणि तेथून त्यांची प्रत काय दिसेल ते लिहावे. प्रकाश एका वर्षात जितका मार्ग चालतो ते एक प्रकाशवर्ष. या काल्पनिक रांगेतील प्रतीला निरपेक्ष प्रत म्हणतात. धावण्याच्या शर्यतीत सर्व मुलांना एका रेषेवर उभे करतात, त्यातलाच हा प्रकार.

या रांगेत उभे केल्यावर कोणाचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. आपला सूर्य, ज्याच्याकडे डोळा वर करून पाहता येत नाही, तो ४.८ प्रतीचा ठरतो. गावाकडच्या अंधारात तो एक बारीक तारा म्हणून दिसला असता. आमच्या बजाजनगरात कारखान्यांच्या आणि रस्त्यांच्या दिव्यांपुढे मुळीच दिसला नसता. उलट लग्नात नव्या नवरीला दाखवितात ती अरुंधती घ्या. माझ्या लग्नात भटजींनी भरदुपारी मांडवाच्या छताकडे बोट दाखवून “पाहिली?” म्हणून विचारले आणि मी मुकाट्याने मान हलविली, तुमच्यापैकी बहुतेकींचा अनुभव हाच असेल. सप्तर्षींतील वसिष्ठाला चिकटलेली ती चौथ्या प्रतीची अंधुक चांदणी सुमारे ऐंशी प्रकाशवर्षे दूर आहे, आणि खऱ्या तेजात सूर्याच्या बारा-तेरापट आहे. ध्रुव चारशेहून अधिक प्रकाशवर्षांवर आहे. सूर्यासारखे दोन हजारांवर तारे एकत्र केले तर त्याची बरोबरी होईल.

आता आपल्या भागाकडे वळते.

आज आपण महाराष्ट्रात आहोत. परंतु १९४८ सालच्या १७ सप्टेंबरपर्यंत औरंगाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्यानंतरही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. निजामी म्हटले की आमच्या घरी रझाकारांच्या गोष्टी निघत. माझी आजेसासू रात्री दागिने पुरून शेतात लपल्याचे सांगत असे. मराठी शाळांची त्या अमदानीत काय दशा होती तेही जुन्या माणसांनी पुष्कळ सांगितले आहे. तेव्हा त्या राजवटीचे गोडवे गाण्यासाठी मी लिहीत नाही. पण त्याच संस्थानाच्या राजधानीत एक असे काम झाले की ज्याची दखल सगळ्या जगाने घेतली, आणि ते आपण विसरून गेलो आहोत. संस्थानचा खजिना शेतसाऱ्यावर भरत असे आणि तो सारा मराठवाड्यातील शेतकरीही देत होता. म्हणून मी त्या कामात आपलाही वाटा धरते. कोणाला हे पटणार नाही, हे मला माहीत आहे. आमच्या घरातच पटत नाही.

नवाब जफर जंग नावाचे हैदराबादचे एक उमराव होते. त्यांना ताऱ्यांचा नाद. त्यांनी इंग्लंडहून पंधरा इंची भिंगाची मोठी दुर्बीण आणविली आणि १९०१ साली शहराजवळ फिसलबंडा येथे आपल्या जागेत वेधशाळा उभी केली. निजामाच्या नावावरून तिला ‘निजामिया’ असे नाव दिले. १९०७ साली नवाब वारले आणि पुढच्या वर्षी वेधशाळा सरकारने आपल्या ताब्यात घेतली. नंतर ती उस्मानिया विद्यापीठाकडे गेली.

त्या काळी जगातील वेधशाळांनी मिळून एक मोठा संकल्प सोडला होता. १८८७ साली पॅरिसला सभा भरली आणि सगळ्या आकाशाची छायाचित्रे काढून ताऱ्यांची यादी करावयाची असे ठरले. आकाशाचे पट्टे पाडून एकेका वेधशाळेला वाटून दिले. गावजेवणात पोळ्या लाटण्याचे काम घराघरांत वाटतात तसे. दक्षिण अमेरिकेतील सांतियागोच्या वेधशाळेकडून तिचा पट्टा पुरा होईना, तेव्हा तो हैदराबादकडे आला. तो संपल्यावर जर्मनीतील पॉट्सडामच्या राहिलेल्या पट्ट्याचाही काही भाग हैदराबादने केला. काचेच्या तबकडीवर आकाशाचा लहानसा चौकोन टिपावयाचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेका ठिपक्याची जागा आणि प्रत मोजून लिहावयाची. एक तबकडी झाली की दुसरी. टी. पी. भास्करन हे १९१८ पासून १९४४ पर्यंत वेधशाळेचे प्रमुख होते आणि बहुतेक काम त्यांच्या हाताखाली झाले. साडेसात लाखांहून अधिक तारे मोजून त्यांच्या याद्यांचे बारा खंड छापले गेले. धान्य निवडणाऱ्या बाईलाच या कामातील कंटाळा आणि चिकाटी दोन्ही समजतील. याच योजनेत रोमच्या पोपच्या वेधशाळेचा पट्टा चार जोगिणींनी मोजून काढला. १९१० ते १९२१ या काळात त्यांनी पावणेपाच लाखांवर तारे लिहिले आणि कित्येक वर्षे त्यांची नावेही कोणाला ठाऊक नव्हती.

परंतु या सगळ्या याद्यांत तारा दिसतो कसा एवढेच होते. तो खरोखर केवढा तेजस्वी, हे त्यातून कळत नव्हते. कारण लाखो ताऱ्यांपैकी सरकताना मोजता येतील इतके जवळचे तारे त्या काळी मूठभरच होते. म्हणून अंतर न मोजता थेट खरे तेज ओळखता येईल अशी एखादी खूण ताऱ्यातच सापडावी, या शोधात ज्योतिषी होते.

अशी एक खूण एका बाईनेच शोधली. अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट नावाची बाई अशाच काचेच्या तबकड्या तपासण्याच्या कामावर होती. तिला ऐकू फार कमी येई. सुरुवातीस बिनपगारी, मग तासाला तीस सेंट. काही तारे ठराविक दिवसांनी उजळतात आणि मंदावतात. १९१२ साली तिने दाखविले की ज्या ताऱ्याचा फेरा जितका लांब, तितके त्याचे तेज जास्त. फेऱ्याचे दिवस मोजले की तेज कळले. दूरच्या आकाशगंगांची अंतरे या खुणेवरूनच पुढे मोजली गेली. १९२१ साली ती वारली. काही वर्षांनी स्वीडनच्या एका विद्वानाने तिचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचवावे म्हणून चौकशी केली, तेव्हा ती हयात नाही असे त्याला कळले.

दुसरी खूण शोधणारा मुलगा निजामिया वेधशाळेच्या आवारात वाढला.

वेणू बाप्पू यांचा जन्म १० ऑगस्ट १९२७ चा, मद्रासचा. घराणे मूळचे केरळचे. वडील निजामिया वेधशाळेत नोकरीस होते. दुर्बिणीच्या सावलीतच मुलाचे बालपण गेले. हैदराबादच्या निजाम कॉलेजात शिकत असतानाच बदलत्या तेजाच्या ताऱ्यांवर त्याचे लेख प्रसिद्ध होऊ लागले होते. १९४९ साली हैदराबाद राज्याच्या शिष्यवृत्तीवर तो हार्वर्डला गेला, जेथे पूर्वी लेव्हिटबाईंनी काम केले तेथेच. त्याच वर्षी जुलैत त्याने काढलेल्या छायाचित्रावर एक नवा धूमकेतू सापडला आणि त्या धूमकेतूला त्याचे व त्याच्या दोन सहकाऱ्यांचे नाव मिळाले. वय अवघे एकवीस. आपला जिल्हाही तेव्हा त्याच राज्यात होता, म्हणून ती शिष्यवृत्ती आपल्याही तिजोरीतील, असे मी म्हटले तर फार चुकत नाही.

डॉक्टरेट मिळवून बाप्पू कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन आणि पालोमारच्या वेधशाळांत गेले. तेथे ओलिन विल्सन या वडीलधाऱ्या ज्योतिष्याबरोबर त्यांनी काम केले. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेल्यासारखा पसरविला की इंद्रधनुष्याचा पट्टा दिसतो आणि त्यात काळ्या रेघा असतात. प्रत्येक रेघ एखाद्या मूलद्रव्याची सही असते. जांभळ्या टोकाशी कॅल्शियमची एक रुंद काळी रेघ आहे. कॅल्शियम म्हणजे आपण विड्याच्या पानाला लावतो त्या चुन्यात असतो तोच. सूर्यासारख्या आणि त्याहून थंड ताऱ्यांत या काळ्या रेघेच्या मधोमध एक बारीक उजळ रेघ असते, साडीच्या काळ्या काठात जरीची एक तार असावी तशी. ती तार किती चकाकते याला महत्त्व नाही. ती किती रुंद आहे ते पाहावयाचे. जितकी तार रुंद, तितका तारा मुळात तेजस्वी. विल्सन आणि बाप्पू यांनी १८५ ताऱ्यांच्या या रेघा मोजल्या आणि १९५७ साली निबंध प्रसिद्ध केला. तेजाच्या पंधरा प्रतींपर्यंत हा नियम लागू पडला. पाच प्रती म्हणजे शंभरपट, तर पंधरा प्रती म्हणजे दहा लाखपट! अंधुक ताऱ्यापासून महाप्रचंड ताऱ्यापर्यंत एकच माप. तारा जवळ आहे की दूर, यामुळे रेघेची रुंदी बदलत नाही. म्हणून रुंदीवरून निरपेक्ष प्रत काढावी, ती दिसणाऱ्या प्रतीशी ताडून पाहावी, की अंतरही हाती येते. जगातील ज्योतिषी याला ‘विल्सन-बाप्पू परिणाम’ म्हणतात.

मला यात सर्वांत नवल वाटते ते असे की हैदराबादच्या वेधशाळेने लाखो ताऱ्यांचे दिसणारे तेज लिहिण्यात वर्षानुवर्षे घालविली, आणि त्याच आवारातील एका नोकरदाराच्या मुलाने खऱ्या तेजाची किल्ली शोधली. अशी किल्ली सापडते ती काही आकाशातून पडत नाही. मागे मोजणाऱ्यांची रांग असावी लागते. आमच्या संस्थानात मुलींसाठी असे एखादे दार उघडे असते तर त्या रांगेत आपल्याही कोणी आजी दिसल्या असत्या. मद्रासला आयसिस होती, हार्वर्डला लेव्हिट होती, रोमला जोगिणी होत्या.

बाप्पू परदेशी राहिले नाहीत. ते परत आले, आधी उत्तर प्रदेशातील नव्या वेधशाळेचे काम पाहिले, नैनितालची जागा ठरविली, आणि १९६० साली कोडाईकनालच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. तेथे त्यांना एक जुनी मोठी दुर्बीण मिळाली, ती मूळची पुण्याची. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी नायगमवाला या पारशी प्राध्यापकांनी वेधशाळा सुरू केली होती. १९१२ साली ती बंद झाली आणि सामान कोडाईकनालला पाठविले गेले. महाराष्ट्राने हातची घालविलेली वस्तू तिकडे उपयोगी पडली, असे म्हणावयाचे! पुढे बाप्पूंनी तमिळनाडूत कावलूर येथे नवे ठिकाण उभारले. १९७९ साली ते आंतरराष्ट्रीय ज्योतिष संघाचे अध्यक्ष निवडले गेले. १९८२ च्या ऑगस्टमध्ये म्युनिचला त्यांचे निधन झाले, वय पंचावन्न. कावलूरची मोठी दुर्बीण, जिचा आरसा २.३४ मीटरचा आहे, ती त्यांना पाहावयास मिळाली नाही. १९८६ साली तिचे उद्घाटन झाले आणि तिला त्यांचेच नाव दिले.

आज अंतरे मोजण्याचे काम आकाशात सोडलेली याने करतात. २०१३ साली सोडलेल्या ‘गाया’ या युरोपच्या यानाने सुमारे दीडशे कोटी ताऱ्यांचे सरकणे मोजले. त्याचे वेध २०२५ च्या जानेवारीत थांबले. त्याआधीच्या ‘हिपार्कस’ यानामुळे आपल्या अगस्त्याचा हिशेब एकदाचा लागला. जुन्या पुस्तकांत अगस्त्याचे अंतर कोणी शंभर प्रकाशवर्षांच्या आत लिही, कोणी हजारावर. आता ते सुमारे तीनशे दहा प्रकाशवर्षे धरतात.

हा अगस्त्य आपल्याला बजाजनगरातूनही दिसतो. माघात रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर जाऊन दक्षिणेकडे तोंड करावे. वर डोक्याच्या बाजूस सगळ्यांत झगझगीत तारा तो व्याध. तेथून सरळ खाली यावे. क्षितिजापासून, हात लांब करून धरलेल्या वितीएवढ्या उंचीवर, दुसरा ठळक तारा सापडेल, तो अगस्त्य. व्याध जास्त चमकतो, कारण तो अवघ्या साडेआठ-नऊ प्रकाशवर्षांवर आहे. खऱ्या तेजात तो वीस-पंचवीस सूर्यांएवढाच. खालचा अगस्त्य सूर्याच्या दहा हजारांहून अधिक पट, म्हणजे व्याधाच्या सहाशे-सातशे पट भरतो. समोर इमारत असेल तर शेजारणीच्या गच्चीवर जावे लागेल.